फुटाला एक सूत

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मिस्त्रींना पोहता येत नव्हतं. मी त्यांना तसं विचारलं तेव्हा ते रंधा मारत होते. हात न थांबवता म्हणाले, "अरबी समुद्राच्या मधोमध पोहून जायचं कुठे?"

 

माणूस माणदेशातला. पावसाळ्यातसुद्धा नदी ओलांडताना चपला काढाव्या लागत नाहीत अशा गावचा. विसाव्या वर्षापर्यंत त्यांनी विहिरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. नोकरी शोधत मुंबईला आले तेव्हा कुणीतरी त्यांना चौपाटीवर नेलं. मिस्त्री म्हणाले, "एवढं पाणी, आणि कोण काही पेरत नाही." हे त्यांनीच मला सांगितलं, स्वतःवर न हसता. अशा माणसाने अंबरनाथच्या बुवापाड्यात, दहा बाय बाराच्या खोलीत, एकट्याने बसून आफ्रिकेत मोंबासाला जायचं म्हणून नऊ फुटांची नाव बांधली. त्यात आठ वर्षं गेली. त्या आठातली पाच मी जवळून पाहिली, आणि शेवटच्या फजितीत तर माझा हात होता.

नाव खोलीत बांधली म्हटलं की ऐकणारे लगेच हसतात. दारातून बाहेर कशी निघाली, असं विचारतात. बुवापाड्यालाही तीच आशा होती. नाव बाहेर काढायच्या दिवशी निम्मी गल्ली घरासमोर जमली. मिस्त्रींनी नाव आडवी केली, एक टोक उचललं, आणि ती दारातून निघाली. दोन्ही बाजूंना बोटभर जागा शिल्लक. त्यांनी आधी दार मोजलं होतं आणि नाव त्यावरून ठरवली होती. लोक खट्टू होऊन घरी गेले.

आम्ही दोघे अंबरनाथच्या एका फाउंड्रीत होतो. तिथे पंपांची लोखंडी कवचं ओतली जात. मी स्टोअरमध्ये, नुकता लागलेला, चिठ्ठी बघून स्क्रू आणि पॉलिशपेपर देणारा. मिस्त्री पॅटर्न शॉपमध्ये. पॅटर्न म्हणजे ओतायच्या वस्तूचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. आता गंमत अशी की लोखंड थंड होताना आकसतं. फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी कोण हिशेब करत बसणार, म्हणून या लोकांची पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा एक सूत लांब. आकडे तेच, रेघा त्याच, बाहेरच्या माणसाला हातात देऊनही कळायचं नाही. मिस्त्रींच्या खिशात ही पट्टी तीस वर्षं होती. लग्नकार्यालासुद्धा ती सोबत यायची. एका लग्नाच्या फोटोत ते आहेराचं पाकीट देताना दिसतात. कानावर पेन्सिल आहे, खिशातून पट्टी डोकावते आहे, आणि नवरा-नवरी त्यांच्याकडे बघताहेत.

कुणाच्या घरी गेले की चहाच्या आधी टेबल हलवून बघायचे. डुगडुगलं तर खिशातून कागद काढून, घडी घालून, पायाखाली सरकवायचे. मग बसायचे. कौतुकाचा त्यांच्याकडे एकच शब्द होता, "चालेल." आणि स्वतःचा पॅटर्न केसभर जरी चुकला तरी दुरुस्त करायचे नाहीत. हातोडीने फोडायचे. सुपरवायझर एकदा कळवळला, "अहो, जरा लांबी-पुट्टी भरून काढा ना." मिस्त्री म्हणाले, "भरलेलं मला दिसत राहील."

जायचं कशासाठी, हे मी त्यांना बऱ्याचदा विचारलं. एका दुपारी डबा खाताना उत्तर मिळालं. डिस्पॅचच्या दारात लाकडी खोकी रचलेली होती, त्यांवर ठशाने 'मोंबासा' लिहिलेलं.

"ते लोखंड जातंय," ते म्हणाले. "ते मी केलेलं नाही. मी केलं ते लाकूड. ते कुठेच जात नाही. काम झालं की रॅकवर, आणि रॅक भरला की बॉयलरमध्ये. तीस वर्षं माझ्या हातचं काही कुठे पोचलेलं नाही." घास संपवून पुढे म्हणाले, "एकदा लाकूडच पाठवून बघतो. सोबत मीही जातो."

मला हसू आलं. तेवीस वर्षांच्या माणसाला अशा गोष्टीचं हसूच येतं.

तयारी मात्र बघण्यासारखी होती. समुद्र लागतो हे त्यांनी वाचलं होतं. तो आपल्याला लागतो का, हे बघायला समुद्र जवळ नव्हता, म्हणून महाशिवरात्रीला शिवमंदिराच्या जत्रेत ते मोठ्या पाळण्यात बसले. हातात ओळंबा धरलेला, पाळणा किती कलतो ते बघायला. लागोपाठ सात फेऱ्या झाल्या. पाळणेवाला ओरडत होता, "चाचा, उतरो अभी, पब्लिक खडी है." मिस्त्री उतरले, ताठ चालत फुगेवाल्यापर्यंत गेले, त्याच्या शेजारी पोट रिकामं केलं, तोंड पुसलं आणि मला म्हणाले, "सात. पुढल्या वर्षी दहा." पुढल्या वर्षी दहा झाल्या. तिसऱ्या वर्षी पाळणेवाल्याने पैसे घेणं सोडलं, कारण मिस्त्री बसले की त्यांना बघायला गर्दी जमायची.

मग एकटं राहण्याची परीक्षा. मे महिन्यात रजा टाकली, नाव घरासमोर ठेवली, आत पाणी आणि कोरडं खाणं घेतलं आणि लाकडी झाकण लावून घेतलं. नऊ दिवस बाहेर यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. समुद्रात कोण असतं बोलायला? मे महिन्यातलं अंबरनाथ, त्यात एमआयडीसीचा वास, आणि नऊ फुटांच्या पेटीत एक माणूस. येणारेजाणारे झाकणावर टकटक करून पुढे जायचे.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, उंबऱ्यात तांदूळ निवडत बसायच्या. त्या नावेला नाव म्हणत नसत, 'तुमचं ते' म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी पेटीला सांगितलं, "गॅस संपलाय." आतून उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमची बहीण आलीय साताऱ्याहून." बहीण तासभर पेटीशेजारी बसून, तिला सगळं सांगून, रडून गेली. तिसऱ्या दिवशी वहिनी काहीच बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "पाणी आलं."

बुवापाड्यात नळाला तेव्हा अर्धा तास पाणी यायचं. झाकण उडालं आणि मिस्त्री दोन्ही हात पुढे करून, बादली शोधत, डोळे चोळत बाहेर. दोन पावलं टाकल्यावर त्यांना कळलं. गल्ली लोळायची बाकी होती. वहिनी तांदळातून मान वर न करता म्हणाल्या, "खरंच आलंय. भरून घ्या."

त्यांनी पाणी भरलं आणि पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी नऊ दिवस पुरे केले. हा किस्सा मी लग्नामुंजीत कित्येकदा सांगितलाय. एरवी इथेच थांबतो मी. पुढचं सांगत नाही.

त्या नऊ दिवसांनंतर वहिनींचं हसणं बंद झालं. हा माणूस खरंच जाणार, हे त्यांना तेव्हा उमगलं. एका रविवारी मी गेलो होतो तेव्हा माझ्यासमोरच विषय निघाला.

"मी नको म्हटलं तर राहाल?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग कुणी नको म्हटलं तर राहाल?"

मिस्त्रींना माप घेतल्याशिवाय बोलता येत नसे. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून, आणि वहिनींना समोर बसवलं.

"पाण्याने नको म्हटलं तर राहीन," ते म्हणाले. "पावसाळा संपला की नाव डोहात उलटी करू. मी आत असेन. आतून चुना लावतो. पाण्याचा थेंब आला तर चुन्यावर डाग पडतो, ओतलेल्या मालाला भेग आहे का ते आम्ही असंच बघतो, एका बाजूने चुना, दुसऱ्या बाजूने रॉकेल. नाव सरळ झाली की आत तू जायचं. तू इन्स्पेक्टर. एक डाग दिसला तर मोंबासा रद्द. कोरडं असेल तर मला हसून पाठवायचं."

वहिनींनी देवापुढे हात जोडले. कशासाठी जोडले, मी विचारलं नाही.

आता माझा भाग. लाकडी झाकणात नऊ दिवस अंधार झाला होता, म्हणून मिस्त्रींना उजेड येईल असं झाकण हवं होतं, जाड ॲक्रिलिकचं. ते उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये मिळे. तिथे एक सिंधी सेठ दुकानांच्या पाट्या करायचे. मिस्त्रींनी नावेचं तोंड, म्हणजे वरून आत उतरायची चौकोनी वाट, मोजलं, चिठ्ठीवर अठरा बाय अठरा इंच लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याकडे दिली. मी शेअर रिक्षात बसून गेलो.

सेठने चिठ्ठी उलटसुलट बघितली. "कौन सी दुकान का बोर्ड है?"

"बोर्ड नाही सेठ. नावेचं झाकण आहे." आणि मी रंगवून रंगवून सगळं सांगितलं. एवढं चांगलं ऐकणारं गिऱ्हाईक मला क्वचित मिळालंय. सेठने कटर बंद केला, स्टूल पुढे ओढलं. शेवटी म्हणाले, "साईं, हम कराची से जहाज में आये थे. मैं माँ की गोद में था. माँ बोलती थी, सब रो रहे थे. और ये आदमी अपनी मर्जी से जाता है?"

"मर्जीनेच."

"कोई मार के नहीं निकालता?"

"नाही."

सेठने चिठ्ठी पुन्हा उचलली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. तो मला अजून ऐकू येतो. "मी पण फाउंड्रीत माल ओतून घ्यायचो. मिस्त्री लोकांची पट्टी अलग असते. ये अठारा कौन सी पट्टी का है?"

मी काय करायला हवं होतं? चिठ्ठी घेऊन परत जायला हवं होतं, रिक्षाने वीस मिनिटं. मी काय केलं? मी छाती पुढे काढून म्हणालो, "सेठ, हे माप कुणाचं आहे ठाऊक आहे का? त्या माणसाचं माप तुम्ही तपासणार?"

सेठने दोन्ही कानांना हात लावले. "माफी साईं. अठारा लिखा है, अठारा काटूंगा."

झाकण आलं. तोंडावरच्या खाचेत रबर बसवून त्यात ते बसत होतं. एका कोपऱ्यात किंचित सैल वाटलं, तर मिस्त्रींनी रबर जाड घेतलं. बाजारातून आणलेली पत्र्याची पाण्याची टाकी आत थोडी खुळखुळत होती, तिला त्यांनी पाचर मारली होती. तशाच आणखी दोन-तीन पाचरी होत्या. प्रत्येक वेळी ते म्हणत, बाजाराचा माल, मापात नसतो.

आश्विनात नाव सेठच्याच टेम्पोतून बदलापूर गावाजवळ उल्हास नदीच्या डोहावर नेली. सेठ स्वतः आले, पांढरे कपडे घालून. नाव तांबड्या रंगाची, वर पिवळे पट्टे, पॅटर्नला देतात तोच रंग. तिला नावही नव्हतं, एका बाजूला फक्त नंबर होता. गावातली माणसं काठावर जमली. एक म्हातारा शेतकरी माझ्याजवळ आला.

"त्यात मानूस बसलाय?"

"हो."

"मंग उलटी कशाला करताव?"

"पाणी आत येतंय का बघायला."

"आन आला तं?"

मी म्हणालो, "तर तो घरी राहणार." म्हातारा म्हणाला, "मंग तं येवं दे." वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि पदर घट्ट केला.

चौघांनी दोर ओढला, नाव उलटी झाली. तांबडी पाठ तेवढी वर. सेठ शंभरापर्यंत मोजणार होते. साठाच्या पुढे त्यांचा आवाज कापायला लागला तरी त्यांनी एकही आकडा खाल्ला नाही. शंभर झाले, दोर सोडला. नाव सावकाश वळली, झोपलेला माणूस कुशीवर वळतो तशी. तळाच्या वजनाने आपली आपण सरळ उभी राहिली. काठावरून शिट्ट्या झाल्या. झाकण उघडलं आणि मिस्त्री बाहेर आले. डोक्यापासून पायापर्यंत चुन्याने पांढरे, आणि हसत होते. त्यांना दात दाखवून हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तेच शेवटचं.

नाव काठाला लावली. वहिनींनी साडी खोचली, बॅटरी घेतली आणि आत गेल्या. बराच वेळ आत होत्या. पाच मिनिटं असतील, दहा असतील. मिस्त्री काठावर इन्स्पेक्शनला उभं राहतात तसे हात मागे बांधून उभे होते.

वहिनी बाहेर आल्या. "कोरडं आहे," म्हणाल्या.

सेठने टाळी वाजवली. मिस्त्री पुढे झाले आणि त्यांना फळीवरून उतरवायला हात दिला. वहिनींनी हात हातात दिला आणि मिस्त्री थांबले. त्यांनी तो हात उलटा केला. तळव्यावर चुन्याचा ओला चिखल होता. ते पॅटर्नकडे बघावं तसे त्या तळव्याकडे बघत राहिले.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"घाम आलाय मला आत. किती उकडतंय."

"कुठे गं?"

वहिनींनी मान खाली घातली. "झाकणाच्या कोपऱ्याशी. तीन थेंब होते. तीन थेंबांनी काय बुडतंय कुणी."

जिला तो माणूस घरात हवा होता, तिने तीन थेंब हाताने पुसले होते. काठावर त्याला हसताना पाहिल्यावर तिच्याच्याने राहवलं नाही.

मिस्त्रींनी झाकण काढलं. खिशातून पट्टी काढून नावेच्या तोंडावर ठेवली. अठरा. तीच झाकणावर ठेवली. झाकण दीड सूत कमी. त्यांनी सेठकडे बघितलं. सेठ आपला टेप घेऊन पुढे झाले. झाकणावर टेप लावला, अठरा. तोंडावर लावला, अठरा आणि दीड सूत. "मेरा अठारा बराबर है साईं," ते हळू आवाजात म्हणाले. "देख लो."

मिस्त्रींनी हातातली पट्टी वर करून बघितली. फाउंड्रीतली. तीस वर्षं खिशात होती ती.

नावेसाठी त्यांनी मुद्दाम साधी, नवी स्टीलची पट्टी आणली होती. घरी येऊन बघितलं तर ती खिळ्याला तेलकट कागदात जशीच्या तशी. आठ वर्षं हात आपोआप खिशात गेला होता. सगळी नाव फुटाला एक सूत मोठी. बाजाराचा माल मापात होता. पाचरी नावेमुळे लागल्या होत्या.

डोहावर मात्र ते एवढंच म्हणाले, "लाकूड काय वितळवून ओतणार होतो मी? कशासाठी जागा ठेवत होतो?" आणि थोड्या वेळाने, कुणाकडे न बघता, "मी नाव केलीच नाही. नावेचा पॅटर्न केला."

मी पुढे झालो. सेठने मला विचारलं होतं, मीच मिजास केली, हे सगळं भडाभडा सांगून टाकलं. मिस्त्री म्हणाले, "तू स्टोअरचा माणूस. तुला काय ठाऊक. पट्टी माझ्या हातात होती." त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सेठ म्हणाले, "दो दिन में नया बना देता हूँ."

"झाकण होईल सेठ," मिस्त्री म्हणाले.

सेठने खरंच दोन दिवसांत नवं झाकण केलं आणि स्वतः आणून दिलं. ते असं बसलं की नखही शिरेना. मी रोज सुटल्यावर बुवापाड्यात जाऊ लागलो. मिस्त्री नव्या पट्टीने नाव पुन्हा मोजत होते. फळी फळी, खिळा खिळा. मी शाळामास्तरासारखा समजावत होतो. "सगळी एकाच प्रमाणात मोठी आहे मिस्त्री. वजन जमलं, आपणहून सरळ झाली, गावाने पाहिलंय. बिघडलं काय?"

"बिघडलं काहीच नाही," ते म्हणाले. "मला कळलं नव्हतं. आठ वर्षं. तिथे मधोमध आणखी काय काय कळलं नसतं?"

फाउंड्रीतही ते बदलले. पूर्वी एकदा मोजायचे, आता तीनदा, तरी शेजारच्याला बोलावून विचारायचे, "बघ रे, किती दिसतंय?" तो आपला लाजून सांगायचा. ज्या माणसाचं माप कुणी तपासायचं धाडस करत नसे, तो नवशिक्यांकडून माप तपासून घेत होता. मी स्टोअरच्या जाळीतून ते बघायचो आणि चिठ्ठ्या चुकवायचो.

दिवाळीत एकदा जेवताना वहिनींनी विषय काढला. "मी शब्दातून मोकळं केलं तुम्हाला. वारा सुटेल आता उत्तरेचा, शिडात भरून तोच नेईल, तुम्हीच सांगायचात. जा तुम्ही."

"पाण्याने नको म्हटलंय."

"पाण्याला काय कळतंय. मी बायको आहे, मी सांगते, जा."

मिस्त्रींनी ताट थोडं पुढे सरकवलं. "आमटी वाढ जरा."

वहिनींनी आमटी वाढली. मी खाली बघून जेवलो.

तुळशीचं लग्न झालं की निघायचं, असं आठ वर्षांपूर्वी ठरलेलं होतं. टेम्पोने रत्नागिरीपर्यंत, आणि तिथून पुढे साठ दिवस. तुळशीच्या लग्नानंतर दुसऱ्या दिवशी मला पहिली पाळी होती, मी मिस्त्रींना घ्यायला सकाळीच गेलो. दारात नाव होती, धुतलेली, नवं झाकण उघडं. आत पुड्याच पुड्या रचलेल्या. डिंकाचे लाडू, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, सुकट. प्रत्येक पुडीवर मिस्त्रींच्या पेन्सिलने वहिनींनी आकडा घातलेला. दिवस एक, दिवस दोन, अशा साठ. पंधरा दिवस ही बाई, नवरा कामावर गेला की, हे करत बसली होती. नावेच्या टोकाला हळदकुंकू लावलं होतं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, नवी साडी नेसून.

मिस्त्री कपडे करून बाहेर आले. नावेजवळ थांबले, वाकले, एक पुडी उचलून आकडा वाचला, पुन्हा जागेवर ठेवली. बराच वेळ वाकलेलेच होते. खरं सांगतो, मला वाटलं आत बसणार हा माणूस.

फाउंड्रीचा भोंगा झाला.

"मुंग्या लागतील," ते म्हणाले. वहिनींच्या हातातून डबा घेतला आणि चालायला लागले. मी मागून गेलो. गेटपाशी त्यांनी माझ्या चपलेचा पट्टा तुटल्याचं मला दाखवलं.

महिनाभर बुवापाड्याने त्या पुड्या खाल्ल्या. वहिनी रोज कुणाकुणाच्या घरी देऊन यायच्या. मला चाळिसाव्या दिवसाचे लाडू मिळाले, सेठकडे बाविसावा आणि तेविसावा दिवस गेला. सेठने ते देव्हाऱ्यात ठेवल्याचं मला नंतर कळलं. शेवटी एका रविवारी वहिनींनी मला हाक मारली. मिस्त्री नळावर होते. वहिनींनी कपाटामागून एक पुडी काढली. दिवस साठ. हाताला मऊ लागली.

आत खायचं काही नव्हतं. धुवून कडक इस्त्री केलेला पांढरा शर्ट होता, नवा. मोंबासाला उतरताना घालायला.

"हा तेवढा तुम्ही न्या भावजी," त्या म्हणाल्या. "घरात राहिला तर ते कामावर घालून जातील."